रोजच्या वाटेवरचे धोक्याचे तीनशे मीटर

मागच्या अंकात मी वाचकांना एकच प्रश्न विचारला होता. तुमच्या रोजच्या सायकलच्या वाटेवर सगळ्यात धोक्याची जागा कोणती आणि तिथे तुम्ही काय करता? पत्रं इतकी आली की पोस्टमननेच विचारलं, "बाई, काही स्पर्धा ठेवलीय का?" सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही. ज्यांच्या प्रश्नात इतरांचाही प्रश्न दडलाय, अशी सात पत्रं निवडली आहेत. काहींची काटछाट केली आहे, त्यांनी माफ करावं.

ताई, मी २४ वर्षांची आहे. पुण्यात वारज्याहून डेक्कनला नोकरीसाठी रोज सायकलने जाते, येते. साडेआठ किलोमीटर होतात. गेल्या महिन्यात नळ स्टॉपला एक बस डावीकडे वळली आणि मी तिच्यात आणि फूटपाथमध्ये अडकता अडकता राहिले. घरी सांगायची चूक केली. आता आई रोज म्हणते, सायकल विकून टाक. मला सायकल सोडायची नाही. पण खरं सांगते, त्या दिवसापासून सगळाच रस्ता धोक्याचा वाटायला लागलाय.
— वाचक, वारजे

अगं, सगळा रस्ता धोक्याचा नसतो. हे मी धीर द्यायला सांगत नाहीये, नोंदवहीतून सांगतेय.

मी पस्तीस वर्षं धनकवडी ते कॅम्प अशी सायकल चालवली, एका सरकारी कचेरीत नोकरीला होते म्हणून. सातारा रस्ता, स्वारगेट, शंकरशेठ रस्ता, गोळीबार मैदान असा रस्ता. २०१८ साली रस्त्यावर एक मोठा झटका बसला आणि तुझ्यासारखीच माझीही झोप उडाली. तेव्हा मी ऑफिसची एक कोरी डायरी घेतली आणि वर्षभर रोज संध्याकाळी लिहीत गेले: आज कुठे थोडक्यात वाचले. एका ओळीचीच नोंद. "मठ, गुरुवार, हारवाला आडवा, ब्रेक." "स्वारगेट, एसटी आत वळली." "शंकरशेठ, रिक्षा अचानक डावीकडे, पॅसेंजर." वर्षअखेरीला मोजलं तेव्हा निम्म्याहून जास्त नोंदी तीनच जागांच्या निघाल्या. एक, शंकर महाराज मठापाशी उड्डाणपुलाची चढण सुरू होते ती जागा. दुसरी, स्वारगेटच्या एसटी स्टँडचं तोंड. तिसरी ऐकून हसशील. आमच्याच गल्लीचा शेवट. तिथे कायम कुणाचं ना कुणाचं बांधकाम चालू असतं आणि उतारावर वाळू पसरलेली असते. माझा हात एकदाच मोडला तो तिथेच, स्वारगेटला नव्हे. तिन्ही जागा मिळून जेमतेम तीनशे मीटर. बाकीच्या सात किलोमीटरांत मी काय करत होते? भाजीचा हिशेब.

या तीन जागांत सारखं काय आहे ते बघ. मठापाशी रस्त्याचे दोन रस्ते होतात. पुलावर जाणारा उजवीकडे ओढतो, खालून जाणारा डावीकडे, आणि निम्म्या लोकांना शेवटच्या क्षणी आठवतं की आपल्याला दुसरीकडे जायचं होतं. एसटी स्टँडला मोठं वाहन तुझ्या डाव्या बाजूचा रस्ता कापून आत शिरतं. गल्लीच्या तोंडाशी डांबराची वाळू होते. म्हणजे रस्ता जिथे रूप बदलतो, किंवा कुणालातरी तुझ्या डावीकडे जायचं असतं, तिथे धोका असतो. गर्दी म्हणजे धोका असं नाही. लक्ष्मी रोडला दिवाळीत गर्दी असते, तिथे फार तर पाय चेंगरतो.

आता तुझा रस्ता. तो मलाही माहीत आहे, माझं माहेर कर्वेनगरचं.

तू कर्वे पुतळ्याकडून येतेस, अगदी डावीकडून, शहाण्या मुलीसारखी. पौड फाट्याला काय होतं? पौड रस्त्याची सगळी वाहनं तुझ्या डावीकडून येऊन मिळतात. आतापर्यंत तू रस्त्याच्या कडेला होतीस, दहा पावलांत तू मधोमध आलीस, आणि तुला ते कळतही नाही. ही पहिली जागा. तिथे मान वळवून डावीकडे मागे बघायचं, उजवीकडे नाही. आयुष्यभर उजवीकडून मागे बघायची सवय असते, म्हणून मुद्दाम सांगते.

दुसरी जागा नळ स्टॉप. डेक्कनकडे जाताना लॉ कॉलेज रस्ता डावीकडे फुटतो. तुला सरळ जायचंय आणि तू डाव्या कडेला आहेस. बसला डावीकडे जायचंय आणि ती तुझ्या उजवीकडे आहे. यात दोष फक्त बसवाल्याचा नाही, मांडणीच तशी आहे. त्यात बसची चाल समजून घे. लांब गाडी वळते तेव्हा पुढची चाकं जिथून जातात तिथून मागची चाकं जात नाहीत, ती आतून, कोपऱ्याला धरून जातात. एवढ्या लांब बसला हा फरक मीटरभराहून जास्त पडतो. तू बसच्या पुढच्या दाराशी उभी असताना तुला वाटतं, बरीच जागा आहे. ती जागा मागचं चाक येईपर्यंतच असते. आणि ड्रायव्हर उजवीकडे बसलेला. डाव्या कडेची, खाली, त्याच्या खांद्याखालची सायकल त्याला आरशातही दिसेलच असं नाही.

म्हणून माझा नियम एकच आहे आणि तो मी पस्तीस वर्षांत मोडला नाही. बस, ट्रक, डंपर, सिमेंटचा मिक्सर यांच्या डावीकडे शिरायचं नाही. सिग्नलला ती उभी असली आणि डावीकडे फूटभर मोकळं दिसलं तरी नाही. दोनच जागा बऱ्या. एक म्हणजे त्याच्या मागे. दुसरी म्हणजे इतकं पुढे की मान वर केली तर ड्रायव्हरचा चेहरा दिसेल. त्याचा चेहरा तुला दिसत नसेल तर तू त्याला दिसत नाहीस, असंच धरून चाल. अगदी टेकून पुढे उभं राहणंही वाईट, उंच केबिनमधून नाकासमोरचं दिसत नाही.

आणि चौकाच्या दीडशे-दोनशे मीटर आधी कडा सोड. मागे बघ, उजवा हात दाखव, आणि डावी लेन मधोमध धर. मागचा हॉर्न वाजवेल. वाजवू दे. त्याचा हॉर्न म्हणजे त्याला तू दिसलीस याची पावती. चौक ओलांडला की परत कडेला ये आणि त्याला जाऊ दे. नळ स्टॉपनंतर उड्डाणपुलावरून उतरणाऱ्या गाड्या उजवीकडून वेगात येऊन मिळतात, म्हणून लगेच उजवीकडे सरकू नकोस, शंभर मीटर कडेनेच जा.

दुसरा मार्गही सुचवते. कर्वेनगरहून राजाराम पुलाकडे उतर आणि डीपी रोडने म्हात्रे पुलापर्यंत ये, तिथून एरंडवण्याच्या आतल्या गल्ल्या धर. थोडं लांब पडेल, पण नळ स्टॉप टळेल. हे सकाळचं झालं. लग्नसराईत संध्याकाळी डीपी रोड विसर. एकेका लॉनसमोर नवरदेवाचा घोडा, बँड, जनरेटरची गाडी आणि मेव्हण्यांच्या तिरप्या लावलेल्या मोटारी.

आईला डायरीची युक्ती सांग. सहा महिने लिही आणि तिला दाखव. "सगळा रस्ता" म्हणून भीती वाटते ती घालवता येत नाही. "नळ स्टॉप, १०० मीटर" एवढ्यावर काम करता येतं.

तुम्ही मागे लिहिलं होतं की सातारा रस्त्याच्या सायकल ट्रॅकवर तुम्ही सायकल चालवत नव्हता. सायकलस्वारांनीच ट्रॅक वापरले नाहीत तर महापालिका कशाला बांधील? तुमच्यासारख्यांमुळेच ट्रॅकवर दुकानं बसतात.
— एक नाराज वाचक, बिबवेवाडी

राग मान्य. बीआरटीबरोबर, म्हणजे बससाठी राखलेल्या मार्गिकेबरोबर, ते ट्रॅक आले तेव्हा पहिला महिना मी हौसेने त्यांच्यावरूनच गेले. पेव्हर ब्लॉक बसवलेले, त्यांतले निम्मे सैल. मधेच विजेचा डीपी. मग भेळेची गाडी. मग बसथांब्याची माणसं, बिचारी उभी कुठे राहणार? आणि दर दुकानापाशी ट्रॅक खाली उतरतो, पुन्हा वर चढतो. पावसाळ्यात त्या ब्लॉकवर शेवाळ धरतं. पण खरी अडचण ती नाही. ट्रॅक चौकाच्या अलीकडे संपतो. मी पार्क केलेल्या गाड्यांच्या आडून अचानक चौकात प्रकट होते, आणि वळणाऱ्या मोटारवाल्याने मला तोपर्यंत पाहिलेलंच नसतं. सरळ रस्ता तसाही सुरक्षित होता. जिथे गरज आहे तिथे ट्रॅक गायब होतो.

चांगला तुकडा मिळाला तर मी वापरते, अजूनही. आणि दुकानं माझ्यामुळे बसली हे काही पटत नाही, साहेब. भेळवाला माझी वाट बघत थांबला नव्हता.

मी माजलगाव तालुक्यातल्या एका गावात माध्यमिक शाळेत शिक्षिका आहे. आमच्या चौदा मुली सरकारच्या मानव विकास कार्यक्रमातून मिळालेल्या सायकलींवर तीन-चार किलोमीटरवरून येतात. उन्हाळ्यात, पावसाळ्यात काळजी नसते. कारखाना सुरू झाला की मात्र रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागते. दोन दोन ट्रॉल्या, मागे दिवा नाही, टेपवर गाणी फुल्ल. हिवाळ्यात शाळा सुटून मुली घरी पोचेपर्यंत अंधार पडतो. दोघी मागच्या वर्षी साइडपट्टीवरून घसरून पडल्या. निम्म्या मुलींचे आईवडील कोयता घेऊन ऊसतोडीला बाहेर गेलेले असतात, घरी फक्त आजी. सांगायचं कुणाला?
— एक बाई, जि. बीड

बाई, तुमचं पत्र वाचून मी पुण्यातल्या सगळ्या तक्रारी दोन दिवस बाजूला ठेवल्या. मी ऊसपट्ट्यात राहिलेले नाही. पण माझी नणंद श्रीरामपूरकडे दिलेली आहे आणि तिच्याकडे गेले की त्या रस्त्यावर मीही सायकल चालवली आहे. त्यावरून सांगते, चुकलं तर तुम्ही दुरुस्त करा.

दोन ट्रॉल्यांच्या ट्रॅक्टरमध्ये ट्रॅक्टरपेक्षा दुसरी ट्रॉली वाईट. खड्डा आला, ड्रायव्हरने जरा हात फिरवला, की मागची ट्रॉली शेपटीसारखी डोलते. शिवाय उसाची मोळी ट्रॉलीच्या बाहेर हात-दीड हात आलेली असते आणि अंधारात ती चाकाच्या रेषेच्या किती बाहेर आहे ते दिसत नाही. मुलींना वाटतं ट्रॅक्टर गेला, आता आपण परत रस्त्यावर. आणि तेवढ्यात ऊस खांद्याला लागतो. तेव्हा पहिला धडा हा: मागून ट्रॅक्टरचा आवाज आला की चालवत राहायचं नाही. थांबायचं, उतरायचं, सायकल साइडपट्टीच्या पलीकडे घ्यायची, आणि दुसरी ट्रॉली जाईपर्यंत मोजायचं: एक ट्रॉली, दोन ट्रॉल्या. मगच वर. मुली मोजण्याचा खेळ करतील.

साइडपट्टीचं कारण तुम्हाला माहीत असेलच. नव्या सिमेंट रस्त्याची कड आणि बाजूचा मुरूम यांत चार-सहा इंचांची पायरी राहते. खाली उतरताना चाक पडत नाही, वर चढताना पडतं. कारण मुलगी कडेला समांतर चालत चालत तिरकं चाक वर घालायला बघते. ते चाक कडेला घासत राहतं आणि सायकल आडवी होते. पायरी चढायची तर उतरून, किंवा काटकोनात. हे शाळेच्या मैदानावर एक फळी टाकून शिकवता येईल, एक तास पुरे.

दिव्याचं म्हणाल तर डायनॅमो फार कमी सायकलींवर उरलेत. मुलींच्या मडगार्डला मागे लाल आणि पुढे पांढरी चमकपट्टी चिकटवा. हार्डवेअरच्या दुकानात ती मीटरवर मिळते, चौदा सायकलींचा खर्च एका वाढदिवसाच्या केकएवढा. पायडलच्या दोन्ही बाजूंना पिवळी पट्टी लावलीत तर उत्तम. पायडल वरखाली हलतं, म्हणून लांबून डोळ्यात भरतं. ओढणी चेनमध्ये जाणार नाही अशी गाठ मारायला सांगा. चेनकव्हर पडलेली सायकल आधी दुरुस्त करून घ्या.

आणि सांगायचं कुणाला? ड्रायव्हरशी भांडून उपयोग नाही, तो खेपांवर पैसे मिळवतो. कारखान्याच्या शेतकी अधिकाऱ्याकडे जा. तोडणी-वाहतुकीचा सगळा कारभार त्याच्या हाती असतो, ट्रॅक्टर-मालकांचे करार तिथेच होतात. गाळप सुरू होण्याआधी जा, नंतर तो भेटायचा नाही. दोनच गोष्टी मागा. ट्रॉल्यांना मागे आणि बाजूला रिफ्लेक्टर, आणि शाळा सुटायच्या अर्ध्या-पाऊण तासात या तीन किलोमीटरांवर टेप बंद, वेग कमी. हंगामाच्या सुरुवातीला कारखाने आणि आरटीओ मिळून रिफ्लेक्टर लावायच्या मोहिमा घेतात, तुमच्या रस्त्याचं नाव त्यात घालायला सांगा. मुख्याध्यापकांचं पत्र, सरपंचांची सही, आणि बरोबर चारपाच मुली घेऊन जा. गावातला चिटबॉय, म्हणजे तोडणीच्या चिठ्ठ्या देणारा कारखान्याचा माणूस, ओळखीचा असेल तर त्यालाही धरा. ट्रॅक्टरवाले साहेबाचं ऐकतील न ऐकतील, चिटबॉयचं ऐकतात.

काय झालं ते कळवा. हे पत्र मी विसरणार नाही.

जुन्या पुणे–मुंबई रस्त्याला लागून राहतो. कंपनी त्याच बाजूला, पण उलट्या दिशेला ६०० मीटर. बरोबर बाजूने जायचं तर ग्रेड सेपरेटर (वर-खाली वेगळे केलेले रस्ते) आणि बीआरटीच्या कुंपणामुळे पावणेदोन किलोमीटर जास्त पडतात. सातची पाळी असते. सगळे उलटेच जातात, मीपण. धोका आहे हे कळतं. पण ताई, खरं सांगा, तुम्ही कधी उलट्या बाजूने गेला नाहीत?
— कामगार, पिंपरी-चिंचवड

गेले आहे, भाऊ. मठाकडून घरी वळताना २०० मीटर, कित्येक वर्षं. म्हणून तुम्हाला उपदेश करायचा मला हक्क नाही. हिशेब मात्र मांडते.

उलट्या बाजूने ६०० मीटर म्हणजे सायकलवर तीन मिनिटं. बरोबर बाजूने पावणेदोन किलोमीटर जास्तीचे म्हणजे नऊ मिनिटांच्या आसपास. आणि सायकल हातात धरून फूटपाथवरून ते ६०० मीटर चाललात तर सात-आठ मिनिटं. म्हणजे सगळा व्यवहार पाच मिनिटांचा आहे.

आता त्या तीन मिनिटांत काय होतं ते बघा. समोरून येणारा मोटारसायकलवाला पन्नासने येतोय, तुम्ही बाराने. धडक होते बासष्टची. त्याच्याच दिशेने जात असता तर फरक फक्त अडतीसचा राहिला असता, आणि त्याला विचार करायला वेळही जास्त मिळाला असता. पण माझा स्वतःचा प्रसंग समोरून आलेल्याचा नव्हताच. गल्लीतून बाहेर येणाऱ्या टेम्पोचा होता. गल्लीतून डावीकडे वळणारा ड्रायव्हर उजवीकडेच बघतो, कारण वाहनं तिकडूनच यायची असतात. मी त्याच्या डाव्या हाताने आले. त्याने माझ्याकडे बघितलंच नाही, आणि त्याची त्यात काहीही चूक नव्हती. माझं पुढचं चाक पापडासारखं झालं. मला काही लागलं नाही, पण त्या टेम्पोवाल्याच्या हातापायांची थरथर मी बघितली.

म्हणून तुमच्या वाटेवरच्या धोक्याच्या जागा मोजा: ६०० मीटरांत किती गल्ल्या, किती कंपन्यांची गेटं? तेवढ्या जागी तरी उतरा. मधल्या पट्ट्यात काय करता ते मी विचारत नाही. आणि पाचशे जण रोज तिथे उलटे जात असतील तर तो तुमचा दोष कमी आणि रस्त्याच्या आखणीचा जास्त. युनियनने किंवा सोसायटीने मिळून पादचारी ओलांडणीची मागणी लेखी करावी, पाळीच्या वेळेला मोबाइलवर काढलेलं चित्रीकरण जोडून.

मी उट्रेख्टला राहते, रोज सायकलनेच हिंडते. डिसेंबरात दोन महिने आईबाबांकडे कोथरूडला येतेय. बाबांची जुनी सायकल तयार आहे. काय लक्षात ठेवू?
— वाचक, नेदरलँड्स

तुझी सगळ्यात धोक्याची जागा आईबाबांच्या सोसायटीचं गेट. तिथून बाहेर पडताना तू आधी डावीकडे बघशील, कारण तुमच्याकडे वाहतूक उजव्या बाजूने चालते. इथे पहिलं वाहन उजवीकडून येतं. पहिले आठ दिवस गेटपाशी उतर आणि मोठ्याने म्हण: उजवीकडे, डावीकडे, पुन्हा उजवीकडे. वॉचमन हसेल.

दुसरं, बाबांच्या सायकलचे ब्रेक दोन्ही हातांत आहेत. तुमच्याकडच्या पुष्कळ सायकलींना पायडल उलटं फिरवलं की ब्रेक लागतो. इथे उलटं फिरवशील तर नुसता कटकट आवाज येईल.

तिसरं तिकडची एक चांगली सवय घेऊन ये. तिथे मोटारीचं दार दाराजवळच्या हाताने न उघडता लांबच्या हाताने उघडायला शिकवतात. त्यामुळे अंग वळतं आणि मागून येणारी सायकल दिसते. इथे ड्रायव्हरने डाव्या हाताने दार उघडायचं. बाबांना शिकव, ते मित्रांना शिकवतील. बाबांच्या वयाची माणसं लेकीने परदेशातून आणलेलं सगळं वापरतात. तोपर्यंत तू उभ्या मोटारींपासून एका उघड्या दाराएवढं अंतर ठेवून चाल.

माझ्या नवऱ्याला सायकलवर असताना मोटारीने उडवलं. दवाखान्याने आधी पैसे भरा म्हटलं. आता ते बरे आहेत. पण तेव्हा काय करायला हवं होतं?
— वाचक, नाशिक

तुमचे यजमान बरे आहेत हे वाचून बरं वाटलं. थोडक्यात लिहिते, कात्रण काढून ठेवा.

११२ ला फोन करून पोलिसांना कळवा, रुग्णवाहिकेसाठी १०८. केंद्र सरकारने २०२५ च्या मे महिन्यात रस्ते-अपघातातल्या जखमींसाठी रोकडरहित उपचारांची योजना लागू केली आहे. नेमलेल्या रुग्णालयात, अपघाताच्या दिवसापासून सात दिवसांपर्यंत, एका माणसामागे दीड लाख रुपयांपर्यंत. सायकलवालाही त्यात येतो. पण अपघात मोटार वाहनामुळे झालेला हवा, आपण आपण खड्ड्यात पडलो तर नाही. गाडी पळून गेली आणि सापडलीच नाही तर गंभीर जखमीला ५० हजार, मृत्यू झाल्यास वारसांना दोन लाख, अशी भरपाई २०२२ पासून आहे, त्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो. गाडी सापडली तर तिच्या विम्यातून मोटार अपघात न्यायाधिकरणाकडे दावा करता येतो. यात वेळ घालवू नका, वकील गाठा. आणि रस्त्यावर मदत करणाऱ्याला पोलीस त्याच्या मर्जीविरुद्ध साक्षीदार करू शकत नाहीत, हे आसपासच्यांना ओरडून सांगा. माणसं त्याच भीतीने लांब उभी राहतात.

वय ७१. सदाशिव पेठेतून रोज सकाळी दूध, पेपर, मंडई. पन्नास वर्षांची सवय. सायकलच्या बिल्ल्याचा कर भरला आहे, डबलसीटचा दंडही भरला आहे! आता मान वळत नाही. मागे बघायला गेलो की हँडलच वळतं. मुलगा म्हणतो बंद करा.
— एक आजोबा, पुणे ३०

आजोबा, नमस्कार. तुमचा प्रश्न मलाही पाचदहा वर्षांत पडणार आहे, म्हणून स्वार्थाने उत्तर देते.

मान वळत नसेल तर उजवीकडे वळणं सोडून द्या. चौकात उजवीकडे जायचं असेल तर सरळ जा, पलीकडे डाव्या कडेला उतरा, सायकल हातात धरून झेब्रा क्रॉसिंगने चालत जा. पहाटे पेठेत कोण बघतंय? आणि बघितलं तरी तुम्हाला त्या पेठेत पन्नास वर्षं ओळखतात. सीट एक इंच खाली घ्या, दोन्ही पाय जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत. पावसाळ्यात तुमच्या जुन्या सायकलची स्टीलची रिम ओली झाली की ब्रेकचे रबर आधी नुसते सरकतात, चाक एकदोन फेरे फिरल्यावर धरतात. तेव्हा ब्रेक आधीपासून हलके दाबत चला. पहिला पाऊस पडला की त्या दिवशी पेपर मुलाला आणू द्या, आठ महिन्यांचं सांडलेलं तेल त्या दिवशी वर येतं.

आणि आरसा लावा. उजव्या हँडलला, गोल, जरा फुगीर काचेचा, सायकल मार्टात मिळतो. त्यात मागचं वाहन असतं त्यापेक्षा लांब दिसतं, म्हणून ते दिसलं की जवळच आहे असं समजा. बसवून आणलात की तिथल्या पोराला नट दोनदा आवळायला सांगा, नाहीतर पहिल्या खड्ड्यात आरसा फिरतो आणि मग दूध येईपर्यंत तुम्ही स्वतःचाच गुडघा बघत राहता.